अजून मोठ्याने

८ फेब्रुवारी

दादा,

डावा हात, डावा हात, डावा हात. तुझं पाकीट फोडायच्या आधीच मला ठाऊक असतं आत काय आहे ते. आई कशी आहे ते चौथ्या ओळीत, वहिनीचा गुडघा पाचव्या ओळीत, आणि वरच्या तीन ओळी माझ्या डाव्या हाताला. तो खाली येतो. हो, येतो. लहानपणी तू माझ्या काखेत रुमाल धरायला लावायचास आणि रुमाल पडला की टपली मारायचास, तेव्हाही यायचा. आता या वयात तो सुधारत नाही, तू त्याचा नाद सोड.

फोन का करत नाहीस म्हणूनही चिडलायस. इथली फोनची खोली कारखान्याच्या फाटकापाशी आहे. बाहेर रांग, मागे बाटल्यांच्या गाड्यांचा खडखडाट. तिकडे तू इस्त्रीवाल्याच्या दुकानात येऊन बोलणार, म्हणजे त्याची गिऱ्हाइकंही ऐकणार. त्यापेक्षा पत्र बरं. शाळेतल्या मास्तरांना छडी मारून जे शिकवता आलं नाही ते मी तुझ्याशी भांडून शिकतोय.

कॅसेट पाठवली ती पाहिलीस, आणि तुला दिसला काय, तर हात. लोक नाही दिसले? दादा, तू माझ्यापेक्षा दसपट चांगला खेळायचास. हे मी इथे सगळ्यांना सांगत असतो. पण तुझ्या लढतीला यायचं कोण? आई, मी, पंपघरातले तुझे चारपाच जण, आणि समोरच्याची सासुरवाडी. जिंकलास की ग्लोव्ह पिशवीत, पिशवी सायकलला, आणि चाललास. लोकांना वाटायचं हा माणूस नळ दुरुस्त करायला आला होता.

इथेही तुझ्यासारखा एक आहे. त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो वह्या तपासल्यासारखा खेळतो. समोरच्याची चूक दिसली की खूण करतो, पुढे जातो. त्याला अजून कोणी पाडलेलं नाही. आणि त्याची लढत लागली की लोक चहा प्यायला बाहेर जातात.

मला बूच म्हणतात. दिवसा मी बाटल्यांना बुचं लावायच्या यंत्रावर असतो म्हणून, आणि कितीही खाली दाबलं तरी वर येतो म्हणून. माझी लढत असली की हॉलमध्ये उभं राहायला जागा नसते. तू बघितलं असशील, फेरी संपली की मी उजव्या कानामागे ग्लोव्ह धरतो आणि लोकांकडे झुकतो. म्हणजे, काय म्हणालात? ऐकू नाही आलं. सगळे ओरडतात. मी मान हलवतो, नाही आलं. मग असे ओरडतात की छपराचे पत्रे थरथरतात. ही माझी युक्ती. मलाच सुचली. आता बसथांब्यावर पोरं एकमेकांना कानाला हात लावून दाखवतात.

तेव्हा हाताचं पुरे कर.

तुझा,
धाकटा


२१ फेब्रुवारी

धाकट्यास आशीर्वाद.

आई बरी आहे. हिचा गुडघा तसाच. बघ, आज हे आधी लिहिलं. आता हात.

कॅसेट इस्त्रीवाल्याकडे तीनदा पाहिली. तिसऱ्या वेळी त्याने माझ्या खुर्चीवर कपड्यांचा गठ्ठा आणून ठेवला, म्हणजे निघा असं. समोरचा उजवा ठोसा मारतो, तुझा डावा हात जागेवर नसतो, ठोसा कानावर बसतो. दर वेळी. पाहुण्यासाठी दार उघडं ठेवावं तसा तो कान ठेवलायस.

हे जुनंच आहे. नवीन जे दिसलं त्याचा जास्त राग आला. घंटा होते. समोरचा हात खाली करून वळतो. आणि तू तसाच मारायच्या तयारीत उभा. पंच येऊन तुझ्या छातीवर हात ठेवतो तेव्हा कुठे तू थांबतोस, आणि लगेच तुझं ते कानाचं सुरू होतं. कोपऱ्यात तुझ्या जखमा बघणारा तो न्हावी स्टूल घेऊन उभा, हातात तुरटी, तोंडाने तुला काहीतरी सांगतोय. त्याच्याकडे तू बघतसुद्धा नाहीस. मी तुझ्या कोपऱ्यात असतो तर स्टूल उचलून घरी गेलो असतो. कुणाचंच ऐकायचं नाही, एवढं डोक्यात गेलंय का तुझ्या?

माझ्या लढतीला माणसं नसायची हे खरं आहे. ते तू दर पत्रात लिहिलं नाहीस तरी चालेल. पण एकदा नीट बघ, त्या लोकांना तू आवडतोस, की तुला पडलेला मार आवडतो.

दादा


६ मार्च

दादा,

तुझं पत्र वाचून चार दिवस उत्तर लिहिलं नाही. पाचव्या दिवशी राग उतरला, सहाव्या दिवशी दुपारपाळी होती. आता लिहितो.

मार आवडतो की मी आवडतो, हे मलाही वाटून गेलंय. म्हणून मी एकीला विचारलं. आमच्या कारखान्यात बाटल्या तपासणाऱ्या बायका आहेत. पांढरा दिवा लावलेली काच असते, तिच्यासमोरून धुतलेल्या बाटल्या जातात, आणि या बघत बसतात, कुठे तडा आहे का, तळाला काही राहिलंय का. बोलायला बंदी. बोललं की नजर हलते. त्यातली एक दर शनिवारी तिसऱ्या रांगेत असते. चाळिशीची असेल. जिन्यात भेटली तेव्हा मी म्हटलं, काय बघायला येता तुम्ही? तिने सांगितलं, मी तिला परत सांगायला लावलं. ती म्हणाली,

"दिवसभर आम्हाला कोणी काही विचारत नाही. मी हात वर केला तर मुकादमाला वाटतं बाटली फुटली. आणि तू तोंड सुजलेलं घेऊन विचारतोस, ऐकू नाही आलं, अजून मोठ्याने. मी काय ओरडते ते मलाही कळत नाही. रविवारी घसा बसलेला असतो, पण बरं वाटतं."

हे असं आहे, दादा. मास्तर कुणाला काही विचारत नाही. तूही विचारायचा नाहीस. तुम्ही दोघं स्वतःशीच खेळता, आणि ते बरोबर खेळता, पण त्यात तिसऱ्याचं काय काम? बसचे ड्रायव्हर, लाँड्रीतल्या बायका, रात्रीचे पहारेकरी, यांना शनिवारी एक माणूस विचारतो. हरलो तरी पुढच्या शनिवारी येतात. एकजण आजारी बायकोला खुर्चीसकट उचलून आणतो.

बातमी अशी की हॉलच्या मालकाने माझी लढत मास्तरशीच लावली आहे. एप्रिलमध्ये, दुसरा शनिवार. भिंती भरून कागद लावलेत. कागदावर मास्तरचा चेहरा आहे आणि माझा फक्त कान आणि ग्लोव्ह. चेहरा नाही छापला तरी लोक ओळखतात, मालक म्हणाला.

मी दमलोय जरा. यंत्र आणि हॉल दोन्ही होत नाही. पण ही लढत झाली की बघू.

धाकटा


१७ मार्च

भावोजींना,

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. तुम्ही यांच्याशी भांडता तसं माझ्याशी भांडू नका, मला तेवढा वेळ नाही.

कॅसेट मीही पाहिली. हे पंपघरात होते. इस्त्रीवाल्याची लेक झोपली होती म्हणून त्याच्या बायकोने आवाज बंद ठेवला होता. आवाज नसला की सगळं वेगळं दिसतं. यांना तुमचा हात दिसतो. मला तुमची मान दिसली.

माझे वडील छापखान्यात होते. शेवटची काही वर्षं आम्ही जेवताना बोलायला लागलो की ते अशीच मान फिरवायचे, एकच बाजू पुढे करायचे, आणि मग अंदाजाने हसायचे. आम्ही पोरी त्यांना हसायचो, वाटायचं गंमत करतायत. तुम्ही अंदाजाने हसता, भावोजी. घंटा होते तेव्हा तुम्ही समोरच्याचे हात बघत असता, ते खाली येतायत का. तुम्ही घंटा बघता, ऐकत नाही.

शेवटचा फोन तुम्ही केला होता तेव्हा मी विचारलं, जेवणाचे हाल होतात का? तुम्ही म्हणालात, हो हो, पैसे पाठवतो. मी तेव्हा म्हटलं, पोराचं लक्ष नाही. त्यानंतर तुमचा फोनच आला नाही.

खरं सांगा. डावा ना?

वहिनी


२५ मार्च

वहिनी,

डावा.

बाकीचं लिहायला सुचत नाही म्हणून दोन दिवस तेवढाच शब्द लिहिलेला कागद उशीखाली होता. तू एवढ्या लांबून, आवाज बंद करून ओळखलंस. इथे माझ्या खोलीतला स्वयंपाकी माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो, त्याला वाटतं मी गर्विष्ठ आहे, डाव्या बाजूने हाक मारली की ओ देत नाही.

गेल्या वर्षी एका लढतीत ठोसा बसला आणि कानात शिट्टी सुरू झाली. वाटलं, जाईल. शिट्टी गेली, तिच्याबरोबर सगळंच गेलं. पुढच्या लढतीत घंटा झालेली कळली नाही, मी मारत राहिलो. पंचाने धरलं. तो काहीतरी बोलत होता. मी कानामागे हात नेऊन त्याला विचारलं, काय? लोकांना वाटलं मी त्यांना विचारतोय. हसले, मग ओरडले. मी घाबरून परत तसाच हात धरला, अजून ओरडले. वहिनी, ती युक्ती नव्हती. मला सुचलंबिचलं काही नाही. मला खरंच ऐकू आलं नव्हतं.

त्या रात्रीपासून मी बूच झालो. त्याआधी मी नुसता जिंकणारा-हरणारा एक होतो.

कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो. म्हणाला, डावा गेला, परत येणार नाही, उजव्याला जपा, त्यालाही धक्का बसलाय. मी विचारलं, जपायचं म्हणजे कसं? त्याने विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, बाटल्या. तो म्हणाला, मग कापूस घाला. हॉलचा डॉक्टर फक्त बोटं आणि डोळे बघतो, कानात बघायची पद्धत नाही. अंघोळीला डोळे मिटले की मला भिंत धरावी लागते. रिंगमध्ये कधी झोक जातो, लोकांना तोही माझा नखरा वाटतो, टाळ्या पडतात.

दादाला सांगू नकोस. त्याने आयुष्यभर सांगितलं तो हात, आणि त्याच हातापायी गेलं. तो शिव्या देईल याची भीती नाही. तो शिव्या देणार नाही, तेच मला नको आहे.

मास्तरशी लढत होऊ दे. एवढ्या लोकांच्या तोंडी माझं नाव आहे. सोडलं तर मी यंत्रावरचा एक, बाटली पुढे गेली की विसरायचा. पण खरं सांगतो, मी दमलोय. हसून हसून दमलोय.

तुझा भावोजी


२ एप्रिल

धाकट्या,

हिने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. चार दिवस माझ्याशीही मोठ्याने बोलत होती, तेव्हाच मी ओळखलं काहीतरी आहे.

कुणाचं ऐकत नाहीस असं मी लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाक.

उतरू नकोस. एवढंच लिहायचं होतं. पण तू उतरणार, म्हणून पुढचं लिहितो. न्हाव्याला सगळं सांग. घंटा झाली की तुला दिसेल असा टॉवेल हलवायला सांग. दोन्ही हात कानांवर ठेव आणि शेवटपर्यंत काढू नकोस. मार खायचा तो कपाळावर, खांद्यावर, कोपरांवर. मास्तर वह्या तपासणारा आहे ना, मग तो हातावरच खुणा करत बसेल. जिंकू नकोस. लोकांकडे बघू नकोस.

तुझ्या नावाने लोक ओरडतात असं तू पहिल्यांदा लिहिलंस त्या रात्री मला झोप लागली नव्हती. काळजीने नाही. तेवढं लिहून टाकतो.

आमच्या पंपघरात एक जागा निघतेय. मोटारींच्या आवाजात तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. साहेबसुद्धा. विचार कर.

दादा


२७ एप्रिल

दादा,

उतरलो. तुला ते कळलंच असेल, पत्र आलं नाही तेव्हाच.

तू सांगितलंस तसंच केलं. न्हाव्याला सांगितलं. तो म्हणाला, वर्षभर मी तुझ्या डाव्या कानात बोंबलतोय आणि तू आज सांगतोस. मग त्याने लाल टॉवेल आणला. पहिल्या फेरीला मी दोन्ही ग्लोव्ह दोन्ही कानांवर घट्ट धरले, हनुवटी छातीला, आणि चाललो. मनात म्हटलं, आता हे लोक चहाला जाणार. आज माझा नळ दुरुस्त करणारा होणार.

काय झालं माहितेय? लोकांना वाटलं मी त्यांना दोन्ही कानांनी विचारतोय. आजवर एकच हात लावायचो, आज मोठ्या लढतीला दोन्ही लावले. अख्खा हॉल दोन्ही हात कानांवर ठेवून उभा राहिला. ती बाटल्या तपासणारी खुर्चीवर चढली होती. मला ते ऐकू फारसं येत नव्हतं, कान झाकलेले होते, पण रिंगच्या फळ्या पायाखाली धडधडत होत्या. जन्मात पहिल्यांदा मी नीट गार्ड धरला, दादा, आणि त्यांना वाटलं माझी नवी गंमत. मास्तर बिचारा गोंधळला. त्याने दोनदा मागे वळून पाहिलं, हे कुणासाठी चाललंय म्हणून. त्याच्यासाठी कोणी कधी उभं राहिलं नव्हतं.

तू म्हणालास लोकांकडे बघू नकोस. मी बघितलं. चौथ्या फेरीत. ते सगळे कानांवर हात ठेवून वाट बघत होते, आणि मला वाटलं, एकदा तरी नेहमीसारखं उजव्या कानामागे हात धरून विचारावं. ग्लोव्ह जरा मागे नेला. डावा नाही, उजवा. मास्तरचा ठोसा तिथेच बसला.

पडलो नाही. पण आवाज गेला. सगळा. समोर हॉलभर उघडी तोंडं, ताणलेल्या माना, आणि काही नाही. भिंतीवरच्या चित्रासारखं. मी मास्तरकडे बघितलं तर त्याने हात खाली केले होते. त्याला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक. मला धरून तो पंचाकडे बघत राहिला. मग लाल टॉवेल दिसला. न्हाव्याने हलवला नव्हता, रिंगमध्ये टाकला होता. लढत तिथेच संपली.

लोकांना वाटलं ही मास्तरची लबाडी. त्याला बाटल्या मारल्या. आमच्याच कारखान्यातल्या. तो माझ्यापुढे उभा राहिला, मला लागू नये म्हणून. तुझ्यासारखाच आहे तो, मी म्हटलं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक्याने किटली आदळली, ती मला ऐकू आली. मी त्याला परत आदळायला लावली. तो म्हणाला, डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या. उजवा आहे, दादा. पूर्वीइतका नाही, आहे. डॉक्टरने आता कारखान्याचं नाही विचारलं. त्याने कागदावर लिहून दाखवलं: पुन्हा नाही.

मालक खोलीवर आला होता. फळं घेऊन. नव्या कागदावर दोन्ही कान छापतो म्हणाला, पुढच्या महिन्यात मास्तरशीच परत, लोक वेडे झालेत. मी सांगितलं, मला ऐकू येत नाही. तो हसला आणि कानामागे हात धरून दाखवला. मी परत सांगितलं, खरंच येत नाही. मग त्याचं हसू हळूहळू गेलं. दारात थांबून म्हणाला, तीन शनिवारांत विसरतील तुला. वाईट भावनेने नाही म्हणाला. धंद्यातला माणूस, त्याला माहीत असतं.

लोकांना दोनच पुरले. काल मी हॉलला गेलो, तिकीट काढून, मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. एक नवा आलाय, विटा वाहणारा. फेरी संपली की तो समोरच्याचं स्टूल उचलून त्याला बसायला देतो. एवढंच. लोकांना त्याचं वेड लागलंय. कानाला हात लावणारं तिथे कोणी दिसलं नाही. बाटल्या तपासणारी तिसऱ्याच रांगेत होती, तशीच ओरडत होती. मला राग यायला हवा होता, आला नाही. तिला ओरडायला कोणीतरी हवंच आहे. मीसुद्धा ओरडलो त्याच्यासाठी. किती मोठ्याने ते मला कळलं नाही, पुढच्या दोघांनी वळून पाहिलं. ओळखलं नाही.

पंपघराचं विचारून ठेव. येतो म्हणत नाही, नुसतं विचारून ठेव. इथे महिनाअखेरपर्यंत यंत्रावर आहे, कापूस घालून. वहिनीला म्हणावं, अंदाजाने हसणं बंद केलंय, आता सरळ सांगतो, उजवीकडून बोला. आईला काही सांगू नका, मीच येऊन सांगेन, आलो तर.

या वेळी हॉलचे पैसे नाहीत. डॉक्टर आणि औषधं जाऊन यंत्रावरचे उरले तेवढे पाठवतोय, नेहमीच्या पावपटही नाहीत. सहाशे पन्नास रुपये.

धाकटा